पोटातल्या कड्या

कोप्पीकर रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे. सकाळी गादीवर बसलो की उठायचं ते शटर ओढायलाच, जेवणही तिथंच. वजन वाढत गेलं तसं पोट तटतटून फुगायला लागलं. चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. गिऱ्हाईक पदर उलगडून बघत असायचं आणि माझं लक्ष पोटात.

हे सांगायचं कुणाला? शेवटी अक्काला, थोरल्या बहिणीला, फोन केला. ती विद्यानगरात राहते, अंगानं माझ्यासारखीच.

"अरे, माझंही तेच रडगाणं!" ती म्हणाली आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

देशपांडे नगरातल्या डॉक्टरांकडे मग जोडीनंच गेलो.

"होट्टी ह्यांग ऐतरी?" त्यांनी पोटाची चौकशी केली. अक्कानं दोन्ही पोटांची हकीगत कन्नडमध्ये अशी खणखणीत सांगितली, की बाहेरच्या पेशंटांनाही कळली असणार.

आतडी किती हळू चालतात ते बघायला डॉक्टरांनी मला एक कॅप्सूल गिळायला दिली. तिच्यात एक्सरेत दिसणाऱ्या बारीक कड्या होत्या. काही दिवसांनी एक्सरे काढला, तर बऱ्याचशा कड्या अजून मोठ्या आतड्यातच.

"तुझ्यासारख्याच बसून राहिल्यात," अक्का म्हणाली.

डॉक्टरही हसले. "वजन वाढलं की काहींची आतडी मंदावतात. त्यात तुमची दिवसभर बैठक, पाणी कमी. तुम्ही हला, तीही हलतील."

आम्ही रोज सकाळी उणकल तळ्याकाठी फिरायला लागलो. ताटात भाजी वाढली, भात घटला. सुरुवातीला चालण्यापेक्षा बाकावर बसणंच जास्त व्हायचं. मग हळूहळू दम पुरायला लागला. एका सकाळी मी मधेच थबकलो.

"काय झालं रे?"

"घरी जायला पाहिजे. आत्ताच!"

अक्कानं आनंदानं टाळ्याच वाजवल्या. रिक्षा थांबवून मला आत ढकललं आणि लवकर ने म्हणून रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, "लगूना होगरी!"

वजन थोडंच उतरलं होतं, पण पोट हलकं झालं ते त्या दिवसापासून. संध्याकाळी अक्का पेढे घेऊन दुकानात हजर. समोर बसलेल्या बायकांना तिनं एकेक पेढा दिला.

"कशाबद्दल हो?" एकीनं विचारलं.

"भाऊ मोकळा झाला माझा!"

"अगंबाई, बायको बाळंत झाली वाटतं! मुलगा की मुलगी?"

मी आणि अक्का तोंडात पदर-रुमाल कोंबून काउंटरमागे पळालो.