हाताचं वजन

आमच्या गोठ्यात 'खोड' हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. म्हैस कारणाशिवाय लाथ मारायला लागली, पान्हा चोरायला लागली, येणाऱ्याजाणाऱ्यावर शिंगं रोखायला लागली, की तिला खोड लागली असं म्हणतात. एकदा हा शब्द पडला की त्या जनावराचे घरातले दिवस भरले. बाजारात घेणाऱ्याचा पहिला प्रश्नही तोच असतो, खोड काय हाय? माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आबांनी, आयुष्यात एकही खोडील जनावर लपवून विकलेलं नाही आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. म्हणून त्यांनी हा शब्द आमच्या कुत्र्याला लावला तेव्हा पुढं काय होणार ते मला लगेच कळलं.

कुत्रा म्हणजे लॅब्रॅडॉर आणि गावठी यांची मिसळ. तांबूस रंग, रुंद कपाळ, आणि खाण्याच्या बाबतीत अस्सल कोल्हापुरी. माझ्या नवऱ्यानं त्याला एक फॅशनेबल नाव ठेवलं होतं, ते लसीच्या कार्डावरच राहिलं. आबा त्याला 'गड्या' म्हणायचे, तेच घरात रुळलं. आमचं घर कसबा बावड्यात, एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला नव्या बिल्डिंगी. आबा रोज सकाळी मोटरसायकलला कॅन अडकवून डेअरीला निघायचे आणि हा शेजारून पळत जायचा. परत आल्यावर आबा त्याच्या पुठ्ठ्यावर, कंबरेच्या मागच्या अंगाला, एक सणसणीत थाप द्यायचे. तशीच थाप ते म्हशींनाही देतात. आमच्याकडं शाबासकी हातानंच देतात, तोंडानं देताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

मग हळूहळू त्याचं डेअरीला जाणं बंद झालं. वय झालं, असं आम्ही म्हणालो. पायरी चढताना तो थांबायला लागला, लठ्ठ झालाय असं म्हणालो. ज्या कॅनच्या खणखणाटात तो लहानाचा मोठा झाला, त्याच आवाजाला दचकून तो कॉटखाली शिरायला लागला. मिक्सर सुरू झाला की थरथरायचा. पाण्यात भिजल्यावर कुत्री अंग झाडतात, तेही त्यानं सोडलं होतं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडं वेगळं उत्तर तयार होतं आणि सगळी उत्तरं चुकीची होती.

एका सकाळी आबा डेअरीहून आले, दारात उभ्या असलेल्या गड्याला नेहमीची थाप दिली आणि तो वळून त्यांच्या हाताला कडकडून चावला.

नवऱ्यानं आबांना दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. जखम फार खोल नव्हती. पण आबांना लागलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हाताला पट्टी बांधून ते बाहेरच्या सोप्यात बसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "ह्येला आता खोड लागलीया. दारात नको."

"इतकी वर्सं न्हाय चावला, आजच कसा चावला, आबा?" मी विचारलं.

"म्हशीला खोड लागती ती काय जल्मापास्नं आसती व्हय? मी काय वैरी हाय त्येचा?"

सासूबाईंचे भाऊ कोडोलीला असतात, आम्ही त्यांना कोडोलीचे मामा म्हणतो. त्यांना उसाच्या रानात राखणीला कुत्रं हवंच होतं. ऊसतोड सुरू व्हायच्या आत घेऊन जातो, असा त्यांचा फोन आला. रानात म्हणजे साखळीला. आणि त्या भागात बिबट्या दिसल्याच्या बातम्या सारख्या येत असतात. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताटात वाढल्यासारखंच. हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं. मला त्या गप्प बसण्याचा संताप आला.

संतापाला माझं स्वतःचंही कारण होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मला अर्धशिशी आहे. ती उठली की कुकरची शिट्टी डोक्यात घुसते, फोडणीच्या वासानं मळमळतं, ट्यूबलाइटकडं बघवत नाही. डॉक्टर विचारतात, दहापैकी किती दुखतंय? मी काहीतरी आकडा सांगते. घरी आल्यावर मात्र, 'हिला सवयच लागलीय पडून राहायची,' हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. सवय आणि खोड यांत फार अंतर नाही. मला निदान आकडा तरी सांगता येतो. गड्याला तेवढंही येत नव्हतं.

मी त्याला रिक्षात घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिनं एक्स-रे काढला, कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्यांची झीज दाखवली. मी म्हणाले, मग झालं तर, हा फोटोच घरी दाखवते.

"फोटो हाडांचा आहे," ती म्हणाली. "दुखणं फोटोत येत नाही. ह्याहून वाईट हाडं असलेली कुत्री मजेत पळताना मी बघितली आहेत, आणि ह्याहून बऱ्या हाडांची जागेवरून उठत नाहीत."

"आणि आवाजाला का घाबरतो?"

"दुखणं फार दिवस मुरलं की नसा हळव्या होतात. मग साधा स्पर्शही टोचतो. आवाजानं दचकला की अंग आखडतं, आखडलं की कंबरेत कळ येते. पुढं पुढं तो आवाजालाच भितो. गोळ्या देते. पण कुठं, किती दुखतं आणि गोळ्यांनी काय बदलतं, ते तुम्हीच मोजून सांगायचं."

मोजणार काय डोंबल, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना रोज सांगते की मोजल्याशिवाय बोलू नका. म्हणून मान डोलावली आणि गोळ्या घेऊन घरी आले.

आबांनी एक्स-रे उजेडात धरून बघितला आणि परत दिला. "दुधाचं फॅट मशीन सांगतंय. आकडा दिसतोय डोळ्यांनी. दुखणं मोजायचं मशीन हाय व्हय?"

"न्हाय."

"मग?"

"मी करतो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'करतो' म्हणतात, आणि म्हटलं की करतात.

केक करायच्या हौसेपायी आणलेला एक वजनकाटा माझ्या स्वयंपाकघरात होता, आकडे दाखवणारा, पाच किलोपर्यंतचा. केक दोनदाच झाला, तोही दडस, न फुगलेला. पण काटा चांगला होता. मी ओट्याशी उभी राहून त्यावर अंगठा दाबायला लागले. इतका दाब म्हणजे शंभर ग्रॅम, इतका म्हणजे किलो. मग डोळे मिटून दाबायचं आणि उघडून आकडा बघायचा. गाणाऱ्या पोरी सूर घोटतात तसा मी दाब घोटला. सासूबाई येताजाता बघायच्या आणि मान हलवायच्या. त्यांना वाटत असावं की अर्धशिशी आता पूर्ण झाली.

अंगठा बऱ्यापैकी खरं सांगायला लागला तेव्हा मी गड्याजवळ बसले. खांद्यापासून सुरुवात केली, अगदी हलकी, आणि दाब वाढवत नेला. नजर त्याच्या तोंडावर. दुखलं की कुत्रं लगेच केकाटत नाही. आधी कान मागे जातात, मग जीभ ओठांवरून फिरते, श्वास क्षणभर अडतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते आपल्या हाताकडं बघतं. तेवढं दिसलं की थांबायचं, गुरगुरायची पाळी त्याच्यावर आणायचीच नाही. खांद्यावर मी अंगठा चांगला रुतवला तरी त्यानं सुखानं डोळे मिटले. कंबरेपाशी मात्र पापडाच्या लाटीवर वळ उठणार नाही एवढाच स्पर्श केला आणि त्याची सगळी कातडी थरारली. शेपटीच्या मुळापर्यंत तेच. मला रडू आलं. आपण रोज ह्याला कुरवाळत होतो आणि तो ते सोसत होता.

गोळ्या चालू झाल्यावर काही दिवसांनी कंबरेवर थोडा जास्त दाब चालायला लागला. एकदा अंघोळीनंतर त्यानं अंग झाडलं, अर्धवटच, पण झाडलं. मी खूश झाले आणि लगेच माझाच मला संशय आला. तो बरा व्हावा अशी माझी इच्छा होती. म्हणजे माझा अंगठा माझ्या बाजूनं खोटं बोलत असणार. आधी दुखत होतं तेही मी वाढवूनच बघितलं असेल. मुलांच्या प्रयोगवहीत मी असल्या गोष्टींवर लाल शाई ओतते. ज्याला निकाल माझ्या बाजूनं लागायला नको होता, असा साक्षीदार मला हवा होता, आणि तसा माणूस घरात एकच होता.

"आबा, तुमी फक्त त्याच्या तोंडाकडं बघायचं," मी म्हणाले. "मी कुठं दाबतोय, किती दाबतोय, ते दिसणार न्हाय. त्याला खुपलं की 'हां' म्हणायचं."

"आन् मग?"

"मग तुमाला वाटलं तर मामांना नेऊ द्या. मी अडवणार न्हाय."

माझ्या नवऱ्यानं गड्याच्या पाठीवर आडवी चादर धरली, लग्नातल्या अंतरपाटासारखी. एका बाजूला आबा आणि गड्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला मी आणि माझा अंगठा. नवऱ्याला हसू आवरेना, त्याला मी डोळे वटारले. खांदा दाबला, जोरात. आबा गप्प. बरगड्या, तशाच. गप्प. मग कंबरेला बोट किंचित दाबलं.

"हां," आबा म्हणाले.

मी पुन्हा खांद्याकडं गेले, मानेकडं गेले, मध्येच नुसता हात हवेत ठेवला. आबा काही बोलले नाहीत. कंबर आली की "हां". त्यांचं एकदाही चुकलं नाही. जनावराचं तोंड वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, या कुत्र्याच्या तोंडाकडं मात्र ते चावल्यापासून बघतच नव्हते. शेवटी ते चिडून म्हणाले, "कितीक जोरानं दाबतीयास? दुखतंय की त्येला."

मी नवऱ्याला चादर काढायला सांगितली आणि माझं बोट तसंच ठेवलं. कंबरेवरचे केस जेमतेम दबले होते.

"एवढ्यानं?" आबा म्हणाले.

मी उठून काटा आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "आता तुमी गड्याला थाप देता तशी द्या ह्यावर."

त्यांनी दिली. आकडे भराभर पळाले आणि काट्यावर नुसती एक रेघ लुकलुकायला लागली.

"बिघाडलं तुजं मशीन."

"न्हाय बिघाडलं. पाच किलोच्या वर गेलं की ते आकडा दाखवत न्हाय."

त्यांनी पुन्हा थाप दिली, जरा हळू. पुन्हा रेघ. मग ते आपल्या तळहाताकडं बघत राहिले. पट्टी निघाली होती, दातांचे व्रण अजून तांबडे होते. ते उठले आणि वैरण टाकायला गोठ्यात गेले.

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. मामांना येऊ नका असा फोनही कुणी केला नाही, आणि मी तो मुद्दाम केला नाही. ज्यानं 'खोड' हा शब्द टाकला त्यानंच तो उचलला पाहिजे, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. गोळ्या चालू ठेवल्या, दाब बघत राहिले, मिक्सर मागच्या खोलीत नेला. फक्त एक गोष्ट नवीन झाली. सकाळी माझा काटा ओट्यावरून नाहीसा व्हायला लागला. शोधत गेले तर गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यावर सापडायचा, वर भुस्सा लागलेला. मी तो पुसून परत ठेवायचे आणि काही विचारायचे नाही. एकदा दारातून बघितलं, तर आबा त्यावर तळहात ठेवत होते, उचलत होते, पुन्हा ठेवत होते. ओठ मिटलेले आणि नजर आकड्यावर.

कोडोलीचे मामा आले ते टेम्पो घेऊनच. उतरताना त्यांच्या हातात साखळी होती, चांगली जाड. तिचा खळखळाट ऐकला आणि गड्या जमेल तेवढ्या घाईनं कॉटखाली गेला. चहा व्हायच्या आधीच मामांनी चेष्टेत बाजारातला प्रश्न टाकला.

"काय दाजी, जनावर देताय खरं, पर खोड काय हाय ते सांगा की आधी."

मी चहाखालचा गॅस बारीक केला. आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"पावणं, त्येला खोड न्हाय," ते म्हणाले. "दुखतंय त्येला. खोड माज्या हाताला हाय."

मामांना ही थट्टा वाटली, ते हसायला लागले. आबा पुढं झाले, मामांच्या हातातली साखळी घेतली आणि आवाज होऊ नये म्हणून कडी कडी सावरत ती हळूच सोप्यातल्या रिकाम्या पोत्यावर ठेवली.