एकाच कुळातली पानं

धोत्र्याचं झाड दिसलं की मी आजही रस्त्याची बाजू बदलते. हसू येत असेल तर खुशाल हसा. वनस्पतिशास्त्र शिकलेली, वर्षानुवर्षं मुलींना पानाफुलांबद्दल शिकवलेली बाई एका रानटी रोपट्याला भिते, यात हसण्यासारखं आहेच. पण भीती शास्त्र विचारून येत नाही. माझी भीती हुबळीत, आमच्या दाजीबानपेठेतल्या घरात, ऋषिपंचमीच्या दुपारी आली आणि ती काही गेली नाही.

खाली आमचं कापडाचं दुकान आणि वर बिऱ्हाड. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण तीन पिढ्या हुबळीत गेल्या होत्या, त्यामुळे जेवताना मराठी आणि भांडताना कन्नड असा आमचा खाक्या. मी तेव्हा धारवाडला आत्याकडे राहून इंटर सायन्सला होते. वर्गात आम्ही दोनच मुली. मोठ्या काकांना हे अजिबात मान्य नव्हतं. मुलीच्या जातीला झाडपाला शिकून काय वैद्य व्हायचंय का, असं ते दर सणाला न चुकता विचारत. आई त्यांच्यासमोर कधी तोंड उघडत नसे, पण माझ्या कॉलेजवरून मात्र एकदा बोलली होती. "लहानपणापासून पानं ओळखती ती. शिकू द्या की," एवढंच. तेवढ्या एका वाक्यावर मी धारवाडला गेले होते, आणि ते वाक्य कधीही मागे घेतलं जाईल ही धास्ती मला कायम असे.

पानं ओळखायला मला आईनंच शिकवलं होतं. तिचे दोनच वर्ग होते: देवाची आणि चुलीची. दरवर्षी गणेशचतुर्थीला अळणावरकडून एक बाई पाटी घेऊन यायची. तिच्याकडे गणपतीच्या एकवीस पत्री असत, आणि त्याच पाटीत दुसऱ्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीसाठी कुंपणाकडेचा, बैलाच्या कष्टाशिवाय उगवलेला पाला असे. आई दाराशी दोन बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, घेऊन बसायची. पत्री एका बुट्टीत, भाजी दुसऱ्या बुट्टीत. हात इतका भराभर चालायचा की मला नुसतं बघूनच दम लागायचा. दोन्ही बुट्ट्यांवर ओलं फडकं टाकायचं आणि एक माजघरात, एक स्वयंपाकघरात ठेवायची. त्या दोन बुट्ट्या कधी शेजारी ठेवलेल्या मी पाहिल्या नाहीत.

कॉलेजात मला नवे वर्ग मिळाले होते. आमचे प्राध्यापक फूल हातात घेऊन पाकळ्या मोजायला लावत. पाच पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, पाच पुंकेसर, अंडाशय वरचं, असं एकेक बघत गेलं की झाड आपलं कूळ सांगतं, म्हणत. वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा, तंबाखू आणि धोत्रा ही सगळी एकाच कुळातली, सोलॅनेसीतली, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी हरखून गेले. घरच्या वांग्याचा सोयरा म्हणजे देवाच्या डोक्यावरचा धोत्रा! मला वाटलं, आईला जे उभ्या जन्मात समजलं नाही ते मला एका तासात समजलं. एकोणीस वर्षांची होते. अक्कल तेवढीच होती.

त्या चतुर्थीला मी चाळीस झाडांचा संग्रह करण्यासाठी घरी आले होते. दुकानातल्या गाठींचा जाड कागद घ्यायचा, त्यात पानं पसरायची आणि वर कापडाचे तागे रचून दाबायची. दुपारी पूजा आटोपली, आई जरा आडवी झाली. मी दोन्ही बुट्ट्या मागच्या पडवीत आणल्या. उरलेली पत्री आणि उद्याची भाजी सगळी एका चादरीवर ओतली आणि वहिनीला बोलावलं. वहिनी म्हणजे माझ्या भावाची, अण्णाची बायको. सांगलीकडची, लग्नाला सहा महिने झालेले. तिच्यापुढे मी शहाणपणा पाजळायला बसले. हे कूळ इकडे, ते कूळ तिकडे. गणिकेचा पाला, म्हणजे ती काळ्या मण्यांसारखी फळं येणारी आमच्याकडची रानभाजी, एका ढिगात ठेवला. त्याच ढिगात पत्रीतले धोत्र्याचे कोवळे शेंडे ठेवले. "बघा वहिनी, ही सख्खी भावंडं," असं म्हणाले. तिनं कौतुकानं मान हलवली.

तेवढ्यात खालून वडिलांची, अप्पांची हाक आली, आरतीला माणसं जमली होती. मी घाईघाईनं एकेक ढीग ओल्या फडक्यात बांधला आणि भाजीच्या बुट्टीत ठेवून दिला. मग वेगळं करू, असं मनात होतं. आरतीच्या गडबडीत ते मनातच राहिलं.

पंचमीला सकाळी आई पूजेला बसली. व्रत तिचं एकटीचं. तिची भाजी वेगळ्या लहान पातेल्यात व्हायची, बाकीच्यांचा स्वयंपाक निराळा. पाला निवडायला ती उठू लागली तेव्हा मीच म्हणाले, "आई, बस तू. मी काल निवडून ठेवलाय." तिला बरं वाटलं. लेक घरात लक्ष घालते असं वाटलं असणार. ती पुन्हा पाटावर बसली.

मी पडवीत चिठ्ठ्यांवर नावं लिहीत होते. वहिनी विळीवर बसली होती. तिनं फडकं सोडलं, एक पान हुंगलं आणि म्हणाली, "वन्सं, ह्यात दोन तऱ्हेची पानं हायत. एक जरा उग्र वास मारतंय."

मी मान वर केली नाही. मी म्हणाले, "एकाच कुळातली आहेत. चिरा सगळी."

ते वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं असेल! माझ्याच आवाजात, अगदी त्याच तोऱ्यात.

आई बाराच्या सुमारास जेवली. एक वाजता पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा तांब्या हातात धरून म्हणाली, "घसा कोरडा पडलाय बघ, पाणी उतरत न्हाई." चेहरा लाल झाला होता. उपासानं पित्त झालं असेल म्हणून आम्ही तिला निजवलं. दोनच्या सुमारास ती उठून बसली आणि भिंतीशी बोलू लागली. आधी आम्हाला वाटलं, ती देवाशी बोलतेय. मग ती माझ्याकडे वळली आणि मला "कोण बाई तुम्ही?" असं विचारलं.

मी जवळ गेले. खिडकीतून ऊन येत होतं आणि तिनं डोळ्यांवर हात घेतला होता. तो हात मी खाली केला. तिच्या डोळ्यांत काळं तेवढंच उरलं होतं. भोवतीचा तपकिरी रंग कुठे दिसेचना.

आणि मला वर्ग आठवला. डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला जे थेंब घालतात ते याच कुळातल्या झाडापासून काढतात, असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. मी ते वहीत टिपून घेऊन खाली रेघही ओढली होती.

मला तेव्हाच कळलं होतं. हे मला आज स्पष्ट लिहायचंय. मला कळलं होतं आणि मी गप्प राहिले.

अप्पा डॉक्टरांना आणायला धावले होते. काका दारात उभे राहून म्हणत होते की व्रतात काही तरी विटाळ झाला असणार, देवापुढे नाक घासा आणि अंगारा लावा. शेजारच्या बायका जमल्या. मी मागच्या जिन्यानं परसात उतरले. वहिनीनं टाकलेले देठ केळीच्या बुंध्याशी पडले होते. मी उकिडवी बसून ते उपसले. गणिकेचे बारीक हिरवे देठ होते आणि त्यांत जाड, जांभळट झाक असलेले, दुसरे. एक चुरगळून नाकाशी धरला. झाड ओळखायला फूल लागलं नाही.

पलीकडेच गटार वाहत होतं. देठ त्यात टाकले असते तर कोणाला काय कळणार होतं? कॉलेज राहिलं असतं, आईचं ते वाक्यही राहिलं असतं. आणि आई कदाचित आपली आपण बरी झाली असती. हा विचार मी केला. किती वेळ केला ते सांगता येत नाही, पण केला. मग आतून आईचं हसणं ऐकू आलं. आई तशी कधी हसत नसे. मी देठ मुठीत धरून आत आले.

डॉक्टर आले होते. म्हातारे, जाड चष्म्याचे, पेठेतल्या सगळ्यांचेच डॉक्टर. त्यांनी नाडी धरली, डोळे पाहिले आणि चटकन मान वर करून विचारलं, "एन तिंदारी? काय खाल्लं यांनी?"

"व्रताची भाजी," काका म्हणाले. "पवित्र भाजी. त्यात काय असणार?"

"कोणी केली?"

सगळ्यांची तोंडं वहिनीकडे वळली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिनं एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सहा महिन्यांची सून. विष घातलं म्हणून जन्मभर बोट दाखवलं गेलं असतं, आणि तरी ती माझं नाव घेत नव्हती. मला माझीच लाज वाटली, आणि भीतीपेक्षा ती थोडी जास्त भरली.

मी मूठ उघडली. "धोत्रा," म्हणाले. "पत्रीतला. मी भाजीत मिसळला. वहिनीनं विचारलं होतं, मीच चिरायला सांगितलं." डॉक्टरांनी देठ घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती पानं?" सात-आठ शेंडे असतील, असं मी सांगितलं. काका काही बोलू लागले तर डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मिठाचं पाणी आणायला सांगितलं.

ओकारी काढली, सुई टोचली, खोलीत अंधार केला. अंगाला घाम नव्हता, ते तव्यासारखं तापलं होतं, म्हणून आम्ही ओल्या पट्ट्या बदलत राहिलो. डॉक्टर जाताना अप्पांना म्हणाले की उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. मी आईच्या पायथ्याशी बसून होते. मला कोणी उठ म्हणालं नाही आणि बस असंही म्हणालं नाही.

तिन्हीसांजेला आई पुन्हा उठून बसली. पांघरुणावरून ती काही तरी वेचू लागली, दोन बोटांच्या चिमटीनं, नेहमीच्या त्या भराभर हातानं. एक डावीकडे टाकायची, एक उजवीकडे. "ही देवाची," म्हणायची. "ही चुलीची. ही देवाची." पांघरुणावर काहीही नव्हतं. मग तिनं एक न दिसणारं पान उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि माझ्यापुढे केलं. "ही तुला गं," म्हणाली. "वहीत लाव."

मी हात पुढे केला. तिनं ते माझ्या तळव्यावर ठेवलं. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. मी ती मूठ कितीतरी वेळ मिटूनच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला नावानं हाक मारली. मी तेव्हा रडले की नाही ते आठवत नाही, वहिनी मात्र ओक्साबोक्शी रडली. काकांनी आपला निकाल दिलाच होता: झालं तेवढं शिक्षण पुरे. अप्पांनी खाली मान घातली होती. आईला सगळं सांगितलं गेलं. ती ऐकत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात तिनं एवढंच विचारलं, "कॉलेज कधी उघडतंय?" मग तिनं अण्णाला माझी ट्रंक खाली काढायला सांगितली.

त्या विषयावर आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. धारवाडला मी परीक्षा दिली, सोलॅनेसीवर प्रश्न आला, मी उत्तर बरोबर लिहिलं. माझं वर्गीकरण तर चतुर्थीच्या दुपारीही बरोबरच होतं. एका पानाचाही ढीग चुकला नव्हता. ज्याला त्याला सांगावं वाटतं ते हेच.

पुढच्या चतुर्थीला अळणावरची बाई पाटी घेऊन आली. मी मुद्दाम माळ्यावरच्या खोलीत जाऊन बसले होते. आईनं हाक मारून मला खाली बोलावलं, दोन बुट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "निवड." मी नको म्हणाले. हात कापतात म्हणाले. "कापू देत की," ती म्हणाली आणि समोर वाती वळत बसली. एकेक पान मी उलटंपालटं केलं, फाडलं, हुंगलं. तिला जे घटकाभरात जमायचं त्याला मला अख्खी सकाळ लागली. ती एकदाही माझ्या हातांकडे बघायला वळली नाही.

पंचमीला तिनं पानावर तीच भाजी वाढून घेतली. बाकी कोणी ती खाणार नव्हतंच. मी समोर उभी होते. तिनं पहिला घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला.

"उभी काय राहिलीस," ती म्हणाली, "वाढ की अजून."

मी वाढली. आणि दिवे लागेपर्यंत काही ना काही निमित्त काढून तिच्या पुढ्यात जात राहिले आणि तिच्या डोळ्यांतला तपकिरी रंग आहे ना ते बघत राहिले.