मास्कमधलं पाणी

जगदीशच्या मास्कमध्ये पुन्हा पाणी शिरलं. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या तरणतलावात तो स्कूबा डायव्हिंग शिकत होता आणि दर वेळी हेच व्हायचं. खाली गेलं की वरच्या ओठापाशी गारवा सरकायचा, मग नाकात, मग डोळ्यांत. शिकवणाऱ्या बाईंनी मिशीला व्हॅसलीन चोपडून पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सॉरी, मिशी जायला हवी."

मिशी जाणार कशी? वडील असेपर्यंत मिशीला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांच्या घरात होतं. ती उतरायची ती बाप गेल्यावर, दहाव्याला. आणि त्याचे वडील, भानुदासअण्णा, तर हॅमिल्टनच्याच रोटोटुना भागात त्याच्या घरी होते. दिवसभर खिडकीपाशी स्वेटर घालून बसलेले असत.

पण मैत्रेयने बोलावलं होतं. जगदीशचा हा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंग सोडून वानुआटूच्या बेटांवर गेला, तेव्हा जगदीश त्याला नको ते बोलून बसला होता. नंतर कित्येक वर्षं वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे काही नव्हतं. तिथे मैत्रेय पर्यटकांना समुद्राखाली न्यायचा. यंदा त्याने आपणहून फोन केला. "डॅड, इथे एक बुडालेलं जहाज आहे. खूप शॅलो आहे, अँड द वॉटर्स वॉर्म. कम." जगदीशने दुसऱ्याच दिवशी क्लासला नाव घातलं.

मास्कचं रडगाणं ऐकून मैत्रेय म्हणाला, "जस्ट शेव्ह इट, डॅड."

"अरे, आजोबा आहेत अजून."

"सो? इट्स हेअर."

निघायच्या दिवशी सकाळी जगदीशने मिशी उतरवली. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याची बायको राजश्री डबा भरता भरता थांबली. अण्णा कपावरून त्याच्याकडे बघत राहिले.

"कोण गेलं?"

"कोणी नाही, अण्णा. पाण्याखाली मास्क बसत नव्हता."

"आधी सांगायचंस. चहा मागितला नसता मी."

"अण्णा, असं काय बोलता," राजश्री म्हणाली. अण्णांनी कप तसाच सरकवला आणि खोलीत गेले.

वानुआटूचं पाणी खरंच कोमट होतं. जहाज एका कुशीवर कललेलं, गंजलेलं, अंगभर प्रवाळ चढलेलं. मालाच्या कोठारात वरून ऊन उतरत होतं आणि त्या उन्हात बारीक निळे मासे थव्याने वळत होते. मास्कमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. मैत्रेयने त्याचा हात धरून त्याला तुटलेल्या शिडीपाशी नेलं, बोटाने एक ऑक्टोपस दाखवला. इतका वेळ मुलाचा हात हातात असल्याचं जगदीशला आठवत नव्हतं. तरी श्वास सोडला की बुडबुडे उघड्या ओठाला घासून वर जात, आणि दर वेळी त्याला सरकवलेला कप दिसे.

जगदीश परतल्यावर अण्णा जेवायला सगळ्यांचं झाल्यावर येऊन बसू लागले. राजश्रीने विचारलं तर म्हणाले, "माझ्यासाठी कुणी थांबू नये आता." मिशी परत आली, पांढरी, विरळ. अण्णा तिकडे बघत नसत.

एका रविवारी मैत्रेयचा फोन आला. आवाज खुशीत होता. दुसऱ्या बेटापाशी आणखी एक जहाज होतं, आधीच्यापेक्षा मोठं. "सो डोन्ट ग्रो इट बॅक, ओके?"

अण्णा समोरच बसले होते. जगदीशने मिशीवर हात ठेवला. "या वर्षी नको रे."

"इज इट आजोबा?"

"नाही, नाही. कामं आहेत."

"नो वरीज, डॅड." तो आवाज जगदीशच्या ओळखीचा होता. वाढदिवसाच्या मेसेजांतला. फोन बंद झाला.

"जायचं होतंस," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माझं काय, दहावं एकदा होऊन गेलंय."

परवानगी होती की राग, हे विचारायचा धीर जगदीशला झाला नाही. फोन त्याच्या हातात होता. मैत्रेय एवढ्यात बोटीवर गेलाही नसता. पण त्याला परत फोन लावून सांगायचं काय, हे जगदीशला सुचेना, आणि तो तसाच बसून राहिला.