दाजींचा कुलपातला कण

आमचे दाजी पाटावर बसले की पहिला घास घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, "हळद कुठली?" आमटी पुढ्यात निवत असायची, पोरं भुकेनं चुळबुळत असायची, पण ह्या गृहस्थाला आधी हळदीचं गोत्र कळायला हवं. "माहेरची, वाईकडची," असं आक्कानं रोजच्यासारखं सांगितलं की मग त्यांची बोटं भातात जायची. आक्का माझी थोरली बहीण. आमच्या वडिलांची वाईजवळ थोडी हळद होती, ती ते दरवर्षी गाठोडं बांधून सांगलीला पाठवायचे. सांगलीत, जिथं हळदीच्या पोत्यांवरून चालायला लागतं, तिथं आमच्या घरात हळद साताऱ्याकडून यायची. शेजारणी हसायच्या. आक्का म्हणायची, "ह्यांचं खूळ हाय एकेक."

मला ते खूळ वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं ते पुढं कळेलच.

लढाईच्या दिवसांत माझे यजमान पलटणीबरोबर दूर गेले आणि मी आक्काकडं राहायला आले. दाजी हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. काळा कोट, धुतलेलं धोतर, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्द आधी फडक्यानं पुसून घेतलाय. पोरं त्यांना कणमास्तर म्हणायची, कारण कुठलाही धडा असो, सुरुवात कणापासून. "सगळं जग बारीक कणांचं आहे. त्या कणाला अणू म्हणतात. तो मोडत नाही, जळत नाही, कुजत नाही. नाहीसा तर कधीच होत नाही. फक्त जागा बदलतो." हे वाक्य ते वर्गात म्हणायचे, घरात म्हणायचे, हजामाच्या खुर्चीत बसूनसुद्धा म्हणायचे. हजाम म्हणायचा, "व्हय मास्तर, मान जरा खाली घ्या."

एक कबूल करते, शिकवायचे झकास. एकदा त्यांनी मला समोर बसवून तांब्याभर पाण्यात मिठाचा खडा टाकला. खडा विरघळला. "गेला का, इंदू?" मी म्हटलं, गेला. त्यांनी मला पाणी चाखायला लावलं. "जीभ काय म्हणते? डोळ्याला दिसत नाही म्हणजे गेलं असं समजणारा माणूस गाढव." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपणही शिकावं. फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेला मला त्यांनीच बसवलं, फी भरून, पुस्तकं आणून. त्यांचे हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचा राग जास्त आला.

त्यांच्या शास्त्राचा कस कसा होता, त्याचा एक नमुना सांगते. लढाई संपता संपता वर्तमानपत्रात आलं की जपानात अणुबाँब टाकला, अणू फोडून एक अख्खं शहर बेचिराख केलं. मी पेपर घेऊन दाजींपुढं गेले. म्हटलं, "दाजी, तुमचा अणू मोडला की वो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "तो तिकडचा अणू. आपल्या क्रमिक पुस्तकातला अजून मोडलेला नाही." आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन तोच धडा, त्याच शब्दांत. इन्स्पेक्टर जोपर्यंत सांगत नाही तोपर्यंत दाजींच्या राज्यात अणूला मोडायची परवानगी नव्हती.

असल्या माणसाला हेडमास्तर व्हायचं होतं. शाळेच्या कमिटीवर एक हळदीचे व्यापारी होते, त्यांना सगळे शेठजी म्हणायचे. त्यांच्या वखारीत हळदीला पॉलिश करायचं काम चालायचं. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बाया तिथं जायच्या. वाळलेली हळकुंडं लाकडी पिंपात घालून फिरवायची, वरून मुंबईहून डब्यांतून आलेली पिवळी पूड टाकायची, की मेलेलं हळकुंडसुद्धा नव्या नवरीसारखं झळकायला लागायचं. बाया संध्याकाळी घरी यायच्या त्या पापण्यांपर्यंत पिवळ्या होऊन. पोती धुवायची ती ओढ्यात, आणि तो ओढा कृष्णेला मिळायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीत काठाकाठानं पिवळा पट्टा दिसायचा. दाजी आंघोळीला नदीवर जायचे, पण ओढ्याच्या वरच्या अंगाला. खालचा घाट घराजवळ होता, तरी वळसा घालून वर. मी आक्काला विचारलं, तर म्हणाली, "वरचं पाणी गार असतं म्हणं."

गोदा आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. आटपाडीकडची. मेंढरं दुष्काळात गेली तसं नवरा-बायको सांगलीला आले, तो हमाली करायचा, ही वखारीत. हसरी बाई, लय ताकदीची, पाण्याची भरलेली घागर एका हातानं उचलायची. पॉलिशच्या कामाला दोनेक वर्षं झाली असतील, तशी ती पोट धरून बसायला लागली. मग एक दिवस भाकरी थापता थापता तिचा उजवा हात मनगटापासून लोंबायला लागला. बोटं वर उचलेनात. परात पुढ्यात, पीठ मळलेलं, आणि ही नुसती हाताकडं बघत बसलेली. मी तिला दाजींकडं घेऊन आले.

दाजींनी तिला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या बघितल्या. हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ होती, ती मीसुद्धा बघितली. दाजींचा चेहरा उतरला. गोदा गेल्यावर मी विचारलं, "दाजी, काय हाय हे?" त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "शिसं. वखारीतल्या त्या पिवळ्या पुडीत शिसं असतं. श्वासातून जातं, हातातोंडातून जातं, आणि एकदा अंगात गेलं की बसून राहतं." मला वाटलं, झालं, आता हे उठतील, कोट घालतील आणि वखारीत जातील. ते उठले खरे. पाय धुतले आणि संध्येला बसले.

वखारीत बायांची कुजबुज सुरू झाली होती. आणखी दोघीतिघींची पोटं दुखायची. बाया कामाला येईनाशा झाल्या तसे शेठजी घाबरले, आणि त्यांनी कुणाला बोलवावं? आमच्या दाजींना. शास्त्राचा माणूस, त्याचं ऐकतील. मीही गोदाबरोबर गेले. मनात म्हटलं, आता तरी खरं बोलतील, समोर बाया बसल्यात, गोदा हात मांडीवर ठेवून बसलीय.

दाजींनी खिशातून आमच्या ट्रंकेचं कुलूप काढलं. वर धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "बायांनो, शिसं विषारी, हे खरं. पण ह्या रंगात शिशाचा कण दुसऱ्या कणाबरोबर असा कुलपात बंद असतो. कुलपातला कुत्रा चावतो का? आणि केवढासा तो कण. सुईच्या टोकावर लाखो मावतील. हात धुतले की गेला, नदीत पडला की नाहीसा झाला. पोटदुखी शिळ्या भाकरीनं होते." बाया हसल्या. कुलूप हातोहात फिरलं. शेठजींनी सगळ्यांना गूळ-शेंगा वाटल्या. 'नाहीसा झाला.' हेच तोंड, हाच माणूस. मिठाचं पाणी चाखायला लावून मला गाढव म्हणणारा.

रात्री ताट वाढलं. "हळद कुठली?" दाजींनी विचारलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, कण कुलपात असतोय तर आपण बाजारची हळद का खात न्हाई?" आक्कानं मला डोळ्यांनी दटावलं. दाजी भात कालवत म्हणाले, "चवीसाठी." लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते असं.

मी गोदाला सांगितलं, परत जाऊ नको, ते खोटं बोलले. गोदा माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, "इंदूताई, तू फायनल झाल्याली. मास्तर बी. ए. हाईत. त्यास्नी काय माझं वैर हाय?" आणि वखारीत जाऊन डाव्या हातानं काम करायला लागली. ह्याला मी काय म्हणणार होते? दाजींनी तिला मारलं असतं तर ती सावध राहिली असती. त्यांनी तिला समजावलं होतं.

हेडमास्तरपद काही लगेच मिळालं नाही, पण शेठजींनी दुसरं बक्षीस दिलं. दाजींच्या मुलीला, शालनला, स्थळ जमवून दिलं. मुलगा त्यांच्याच अडतीतल्या दिवाणजींचा, शिकलेला, आमच्यातलाच. दाजी हरखून गेले. गल्लीभर मांडव, सगळ्या बाया कामाला, गोदासुद्धा पंगतीच्या पत्रावळी डाव्या हातानं पुसत बसलेली.

आमच्याकडं नवरीला उष्टी हळद लागते. आधी नवऱ्याच्या घरी त्याला हळद लावायची, आणि त्यातलीच उरलेली वाजतगाजत मुलीकडं आणायची. मुलीच्या बापाची हळद कितीही चांगली असो, तिला मान नाही. हे दाजींना माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांचं लक्ष मानपानात. ताशा वाजवत वऱ्हाडातल्या बाया आल्या, मोठ्या चांदीच्या वाटीत हळद कालवलेली. पाठोपाठ शेठजी स्वतः. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मास्तर, मुलीची हळद माझ्या वखारीतली आहे. खास निवडून दिलीय." वाटीतला रंग असा पिवळाधमक की मांडवातल्या फुलांनी लाजावं. शालन चौरंगावर बसली होती. विहीणबाईंनी वाटीत पाचही बोटं बुडवली आणि पोरीच्या तोंडाकडं नेली.

"थांबा. तोंडाला नका लावू. हातसुद्धा धुवा तुम्ही आधी." दाजी ओरडले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस मांडवाच्या मधोमध उभा राहून ओरडला, आणि धावत जाऊन त्यांनी विहीणबाईंचं मनगट धरलं.

ताशा थांबला. सगळा मांडव त्यांच्याकडं बघायला लागला. तेवढ्यात मागून गोदा उठून आली. ओरडली नाही, रडली नाही. लोंबता उजवा हात डाव्यात धरून तिनं विचारलं, "का वो मास्तर? कण कुलपात हाय न्हवं?"

दाजींनी गोदाकडं बघितलं, मग शालनकडं, मग शेठजींकडं. मी देवाला म्हणत होते, आता बोल बाबा, एकदाच बोल, सगळं माफ करते. शेठजी शांतपणे म्हणाले, "काय मास्तर, लावू ना हळद?"

दाजींनी विहीणबाईंचं मनगट सोडलं. म्हणाले, "लावा. मुहूर्ताचं बघत होतो. लावा, लावा."

स्वतःच्या पोटच्या पोरीला. इतका पडलेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही.

शालनला वाचवली ती आक्कानं. तिनं पुढं होऊन वाटी काढून घेतली, करंगळी बुडवून पोरीच्या पायाच्या अंगठ्याला शास्त्रापुरता ठिपका लावला, आणि "झाली उष्टी हळद, आता मामाच्या घरची" म्हणत आपल्या माहेरची, वाईची हळद हातापायाला चोळली. विहीणबाई फुरंगटल्या, पण बायकांच्या रीतीत बायकाच वरचढ. गोदा तोवर मांडवातून निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वखारीत आमच्या गल्लीतली एकही बाई गेली नाही. शेठजींनी मिरजेकडून दुसऱ्या बाया आणल्या, तर गोदा जाऊन फाटकाशी बसली. येणाऱ्या प्रत्येकीला हात दाखवायची आणि मांडवातली गोष्ट सांगायची, मास्तर कसे धावले, कसं मनगट धरलं. त्या बायांना समजावायला शेठजींनी पुन्हा दाजींना बोलावलं. दाजी कोपऱ्यापर्यंत आले, फाटकाशी गोदा बसलेली बघितली, आणि शेपूट घालून माघारी फिरले. नव्या बायाही टिकल्या नाहीत. त्या मोसमात शेठजींची हळद बिनरंगाची गेली. पुढं त्यांनी काय केलं ते मला ठाऊक नाही, कारण माझे यजमान परतले आणि आम्ही साताऱ्याला आलो. गोदाचा हात मात्र पुरता सुधारला नाही. दाजी हेडमास्तर झाले नाहीत. गल्लीत त्यांना कुणी काही म्हटलं नाही. नुसतं कुणी काही विचारेनासं झालं.

मी साताऱ्याला शाळेत शिकवायला लागले. पोरांपुढं तांब्यात मिठाचा खडा टाकते तेव्हा तोंडातून दाजींचंच वाक्य येतं, फक्त जागा बदलतो. कितीही ठरवलं तरी दुसरं सुचत नाही.

दाजी शेवटचे आमच्याकडं आले ते निवृत्त झाल्यावर. वाळले होते, कोट अंगावर लोंबत होता. मला वाईट वाटलं नाही असं नाही. मी पाट मांडला, ताट वाढलं. शालनचं सांगून झालं, पेन्शनचं सांगून झालं. गोदा जगली का मेली, ते विचारतील म्हणून मी वाट बघत होते. दाजींनी आमटीकडं बघितलं आणि विचारलं, "हळद कुठली, इंदू?"

मी म्हटलं, "बाजारची, दाजी. सांगलीची."

त्यांचा हात ताटावर अडकला. मी समोर बसून राहिले. म्हटलं, "जेवा की. कण कुलपात हाय."

ते जेवले. मान खाली घालून, एकेक घास गिळत, ताटात शीत न ठेवता जेवले. पुढच्याच वर्षी सांगलीत वारले.

हळद वाईचीच होती. ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.