देवबापाला सूचना

माझ्या दाजींइतका देवावर भरवसा ठेवणारा माणूस सापडणार नाही, असं त्यांच्या चर्चमधले लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना दाजींच्या टेबलावर जेवावं लागत नाही. मला दर रविवारी लागतं, कारण ताईच्या हातचं सोडवत नाही, आणि ते ताटात पडण्याआधी दाजींची प्रार्थना सोसावी लागते.

प्रार्थना कसली, कामावरच्या माणसाला दिलेल्या सूचनाच त्या. "हे प्रेमळ देवबापा, तू सगळं जाणतोस," अशी सुरुवात करायची आणि मग त्याला काडीचंही ठाऊक नसल्यासारखं सगळं समजावून सांगायचं. ताईचा गुडघा दुखतोय, डावा, उजवा नव्हे. डॉक्टरांना सुबुद्धी दे, पण तो नवीन डॉक्टर नको, जुनाच बरा. शेवटी "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणायचं, आणि आमेनच्या आधी "फक्त एवढं बघ की" करून आणखी एक शेपूट जोडायचं. तोवर जेवण गार. देवाच्या जागी मी असतो तर केव्हाच राजीनामा तोंडावर फेकला असता.

दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची एकुलती एक लेकही शिकून त्याच धंद्यात उतरली आणि कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर काम करते. पोरगी हुशार आहे. पण तिने आवळलेला प्रत्येक बोल्ट दाजी तिच्यादेखत पुन्हा आवळून बघतात. ब्रेकला तर तिला एकटीला कधी हात लावू देत नाहीत. ती पाना पुसून पिशवीत टाकते. ते बघून माझंच डोकं फिरतं. ताईला मी एकदा म्हटलंसुद्धा, "तुझ्या नवऱ्याला देव बाप म्हणून नको आहे गं, मदतनीस म्हणून हवा आहे." ताई हसली, पण नाही म्हणाली नाही.

आणि हाच माणूस लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्यांशी किती मऊ बोलतो! मी ज्या ऑफिसांच्या इमारतीची देखभाल बघतो तिथे ऐकलंय ना. "मी वर आहे. तुम्ही काही करू नका. दाराला हात लावू नका, खाली बसा. मी हळूहळू आणतो तुम्हाला." रडणारी माणसं गप्प होतात. दाजींना याचा केवढा अभिमान! लोक घाबरले की उगाच धडपडतात, म्हणे.

गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीत दुरुस्ती संपवून दाजी चाचणीसाठी लिफ्टमध्ये शिरले. लेक सर्वांत वर, मशिनरूममध्ये होती. वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. मशिनचं मोठं चाक धरून ब्रेक सैल करायचा, चाक हाताने फिरवायचं आणि लिफ्ट वरच्या मजल्याला लावायची. पोरीला ते झोपेतही जमलं असतं. दाजींनी फक्त बसून राहायचं होतं.

बसतील तर ते दाजी कसले! मी टॉर्च घेऊन धावत गेलो तर यांनी दार आतून उघडलेलं. लिफ्टचा तळ माझ्या छातीइतका उंच, आणि त्यावरून दाजींचे दोन पाय बाहेर लोंबकळताहेत. पालथे पडून सरकत सरकत खाली उतरायचा बेत होता. तळाखाली काळाकुट्ट खड्डा, थेट तळघरापर्यंत. हात सुटले तर माणूस त्यात. आणि ब्रेक सुटला तर जवळजवळ रिकामी लिफ्ट दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनाने वर ओढली जाते, म्हणजे दाराच्या चौकटीत कमरेपाशी चिरडणार. हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

"ब्रेक एकदम सोडू नकोस!" ते तिथून ओरडत होते. "आधी चाक धर! डावीकडून धर!"

"बाबा, पाय आत घ्या," त्यांचे पाय बाहेर असल्याचं मी ओरडून सांगताच वरून पोरीचा आवाज आला. "तुम्ही आत बसल्याशिवाय मी कशालाही हात लावणार नाही."

"तुला नाही जमायचं! मी येतो वर!"

मी पाय धरून आत ढकलायला लागलो तर लाथा झाडू लागले. बूट माझ्या हनुवटीवर बसला. त्यांची बोटं सुटत चालली होती, बाही फाटली होती, आणि अशातही पुटपुट सुरूच: देवबापा, तिला सांग, आधी चाक, मग ब्रेक.

मग मात्र माझा तोल गेला. "दाजी, लाज वाटू द्या! पोटच्या पोरीच्या हाती घटकाभर स्वतःला सोपवता येत नाही, आणि जो दिसतही नाही त्याच्या हाती अख्खा जन्म सोपवलाय म्हणून सांगता? कुठे सोपवलाय? त्याच्यावर तरी कधी काही सोडलंत का?"

लाथा थांबल्या. वरून पोरगी म्हणाली, अगदी हळू, अडकलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशी, "बाबा, मी वर आहे. तुम्ही काही करू नका."

मग एक पाय आत गेला. मी दुसऱ्याला खालून रेटा दिला, तोही गेला. आतून आवाज आला, "देवबापा." पुढची यादी ऐकायला मी सवयीने कान टवकारले. काहीच आलं नाही.

"बसलो," ते म्हणाले.

लिफ्ट हलली. धक्का नाही, कुरकुर नाही. मी जिन्याने वरच्या मजल्यावर पोचलो तेव्हा ती जमिनीला बरोबर लागलेली होती. दाजी कोपऱ्यात मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले, ओठ स्थिर. पोरगी काळवंडलेल्या हातांनी मशिनरूममधून धावत खाली आली.

"आलो आपण. उठा, बाबा."

दाजींनी डोळे उघडले, पण उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात तिच्याकडे वर केले.

"तू उठव," ते म्हणाले.