आत्याला वन्स मोअर

रविवारी दुपारी पास्ता जरा जास्तच होतो आणि नीरदचे डोळे मिटायला लागतात. खाली, इटलीतल्या बोलोन्या शहराच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करतंय. ती काही सुरू होत नाही. पुन्हा किक, पुन्हा घरघर, आणि ती घरघर हळूहळू खोकल्यासारखी ऐकू यायला लागते. खोकला ओळखीचा आहे. जानेवारीत वत्सूआत्या सांगलीच्या दवाखान्यात वारली, तेव्हा फोनवर शेवटी हाच ऐकू आला होता.

नीरद खिडकी लावायला उठतो. खिडकीपलीकडे गल्ली नाही. दगडी पायऱ्यांचं गोल, उघडं नाट्यगृह आहे आणि एका पायरीवर भाड्याची उशी घालून आत्या बसली आहे. सुती साडी, वर स्वेटर, पायात नीरदचेच जुने बूट. अगदी मागच्या उन्हाळ्यासारखी.

नीरदला लहानाचं मोठं करणारी ही आत्या मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा इटलीला आली आणि इटालियन गाण्याच्या नादी लागली. गावोगावच्या महोत्सवांना तिने त्याला फरफटत नेलं. भाषेचा गंध नव्हता, पण त्यावाचून तिचं काही अडलं नाही. एका ऑपेरात क्षयाची नायिका अंथरुणात पडून बराच वेळ गायली आणि मेली. आत्या उठून खणखणीत ओरडली, "वन्स मोअर." सांगलीच्या संगीत नाटकांची सवय, दुसरं काय. शेजारच्या इटालियन मंडळींना ही कल्पना फारच पटली, त्यांनी साथ दिली आणि ती बाई बिचारी उठून पुन्हा मेली.

"आलास? बैस," आत्या म्हणते आणि चिवड्याची पुरचुंडी सोडते. "आज कोण मरतंय?"

"माहीत नाही."

"मीच असणार. मला मेलीला आधी कोणी काही सांगत नाही."

आणि ती पुरचुंडीसकट रंगमंचावर आहे. तिथे दवाखान्याची लोखंडी खाट आहे, सलाईनची बाटली आहे. वादक काळ्या कोटातले, मधोमध मात्र एक पायपेटी. नर्स वादकांना ताल द्यायची छडी उचलते. जन्मात जिला सूर लागला नाही ती आत्या सुरात गायला लागते, तेही इटालियनमध्ये. मग खोकते, मान टाकते. टाळ्यांचा कडकडाट.

टाळ्या थांबल्या की पडदा पडणार, हे नीरदला कळतं.

"वन्स मोअर," तो ओरडतो.

आत्या एक डोळा उघडते. खूश असते. "चला, कोणाला तरी आवडलं." उठून केस सारखे करते, गाते, मरते.

"वन्स मोअर."

या वेळी तिला उठवायला नर्सचा हात लागतो. नाकात नळी परत घालतात. नियमच आहे तसा, मरण पहिल्यापासून करायचं. मागच्या पायरीवरचा इटालियन म्हातारा नीरदची पाठ थोपटतो. "रसिक दिसता," तो शुद्ध मराठीत म्हणतो.

"वन्स मोअर."

"नीरद," खाटेवरून आत्या विचारते. तिला श्वास पुरत नाही. "चांगलं होतंय का रे गाणं?"

"नाही. आता फारच वाईट गातेस."

"मग कशाला?"

"तू उठतेस म्हणून."

"दुखतं रे बाळा. पहिल्यांदा मेले तेव्हाच पुरेसं दुखलं होतं. तुला फोनवर दिसलं नसेल."

नीरद नीट ऐकून घेतो. शहाण्यासारखी मान हलवतो. ती मरते.

"वन्स मोअर."

मग आत्या उठते ती गायला नाही. सलाईनचा दांडा खडखड ओढत ती पायऱ्या चढून त्याच्यापर्यंत येते. लहानपणी औषध पाजताना धरायची तसा त्याचा जबडा धरते आणि तोंडात चिवडा कोंबते. एक मूठ, वर आणखी एक मूठ.

"तोंडात घास असताना बोलायचं नाही. काय शिकवलंय मी?"

नीरदला वळण चांगलं लागलेलं आहे. तो बोलत नाही. नुसता जिवाच्या आकांताने चावतो. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळं. आत्या खाली उतरते, न गाता खाटेवर चढते, भिंतीकडे तोंड करून पांघरूण ओढून घेते. टाळ्या विरळ होतात. त्याच्या तोंडात शेवटचा घास उरलेला असताना पडदा जमिनीला टेकतो.

गल्लीतली स्कूटर एकदाची सुरू होते आणि निघून जाते.

नीरद जागा आहे. हाक मारायला तोंड उघडतो, तर जिभेला काहीतरी चिकटलेलं. बोटाने काढून बघतो. तळलेलं कढीपत्त्याचं पान. आत्या परत गेल्यापासून या घरात कढीपत्ता आलेला नाही. पान अजून कुरकुरीत आहे.

तो ते पुन्हा जिभेवर ठेवतो. गिळत मात्र नाही.