मायच्या गोळ्या माझ्या हाती

नवरा गेल्यावर दोन वर्षं मी आमच्या देवीचं, याहामोगी मातेचं नाव घेणं सोडलं होतं. मी त्याच्याबरोबर गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेले होते आणि तो तिथेच वारला. त्याला माती देऊन मी एकटी रेल्वेने परत निघाले. सासरी मला कुणी ठेवून घेणार नव्हतं, धडगावच्या डोंगरात भावाचंच कसंबसं चाललं होतं. खांडबारा स्टेशन आलं तेव्हा उतरले आणि तिथेच राहिले. का उतरले, ते आजही सांगता येत नाही. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली मी, पण स्टेशनाबाहेरच्या पत्र्याखाली त्याचं काही कुणाला नव्हतं. सकाळी बाजारात भाजीच्या जुड्या बांधायच्या आणि दुपारपासून प्यायचं, असे दिवस जात होते. देवीला याचं काही वाटत असेल, असं मला वाटत नव्हतं.

त्याच पत्र्याखाली एक म्हातारी राहायची. धानोऱ्याकडची होती, सगळे तिला माय म्हणत. खोकला लागला तसं घरच्यांनी तिला बाहेर काढलं होतं. एक आरोग्यसेविका आम्हा स्टेशनवरच्या लोकांची तपासणी करायला यायची. तिने मायची थुंकी तपासून घेतली आणि टीबी निघाला. सहा महिने रोज सकाळी गोळ्या घ्यायच्या होत्या. मायला नीट दिसत नव्हतं, म्हणून सेविकेने विचारलं, "तुमच्या गोळ्यांकडे रोज कोण लक्ष देईल?" मायने माझ्याकडे बोट केलं. "हाई पोर दी." मी नको म्हणायला हवं होतं. सेविकेने माझं नाव लिहून घेतलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

महिनाभर मी गोळ्या दिल्या. मग एके दिवशी सकाळीच प्याले आणि बाजारामागे पडून राहिले. उन्हं उतरल्यावर परत आले, तर माय सकाळपासून तशीच बसलेली. गोळी उपाशीपोटी घ्यायची म्हणून तिने चहासुद्धा घेतला नव्हता. पाकीट तिच्या उशाशीच होतं, शेजारचा हमाल गोळ्या काढून द्यायला तयार होता, पण तिने ते त्याच्या हाती दिलं नाही. माझी चाहूल लागताच तिने तळहात पुढे केला. माझ्या हातून दोन गोळ्या खाली पडल्या, त्या मी मातीतून शोधून पुसून दिल्या. बऱ्याच दिवसांनी तेव्हा मी मनात याहाला हाक मारली. एवढंच म्हटलं की माझ्याने होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दारू एकदम बंद केली. ती तशी बंद करण्यातही धोका असतो, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंगावर मुंग्या चढताना दिसायला लागल्या आणि भर दुपारी मला फिटचा झटका आला. पुढचं मला हमालाने सांगितलं. जिला दहा पावलं चालताना दम लागायचा, ती माय रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एक टेम्पो थांबला. त्याचा चालक कोण होता, कुठला होता, कुणालाच माहीत नाही. त्याने आम्हा दोघींना सरकारी दवाखान्यात सोडलं आणि नाव न सांगता निघून गेला.

शुद्धीवर आले तेव्हा केसपेपर लिहिणाऱ्या माणसाचा आवाज कानावर आला. "पत्ता काय लिहू?" माय म्हणाली, "लिखी ल्या, मन्हाजोडे ऱ्हास." त्याने विचारलं, "आणि तुम्ही कुठे राहता, आजी?" तिने स्टेशन सांगितलं. त्याने तसंच लिहून घेतलं.

डॉक्टरांनी हळूहळू कमी होत जाणारी औषधं दिली. माय माझ्या पायाशी बसून असायची आणि सकाळी तिच्या गोळ्या मी पलंगावरूनच तिला द्यायचे. सुटी झाल्यावर सेविकेने मला नंदुरबारच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मधे एकदा मी पुन्हा प्यालेही. त्या बाई रागावल्या नाहीत, पुढची तारीख दिली आणि मी गेले. आता, ज्यांच्या जुड्या मी बांधते त्या भाजीवाल्या ताईंच्या पडवीत आम्ही दोघी राहतो. मायचा टीबी बरा झाला.

यंदा तिला घेऊन देवमोगऱ्याला याहाच्या यात्रेला गेले. आमच्याकडे याहाला मोहाच्या दारूची धार वाहतात आणि उरलेली प्रसाद म्हणून घेतात. मला भीती तेवढीच होती. धार वाहिली, प्रसादाचा पानाचा दोना कपाळाला लावला आणि मागच्या बाईला देऊन टाकला. तिने तो घेतला. दोन वर्षं मी देवीशी अबोला धरून होते. आता देवीपुढे उभी असताना विचारण्यासारखं काही सुचेना, तेव्हा हात जोडून बाहेर आले.

उतारावर मायने विचारलं, "काय मांगं तू?"

"काहीच नाही."

ती माझा खांदा धरून चालत होती. "बरं करं," ती म्हणाली. "तिले आधीच बहू काम शेतस."